अनंताच्या वाट्याचं पाणी

लतीफा. कोरडं वजन : चव्वेचाळीस किलो

कोरडं वजन म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं माणसाचं वजन. वाशीमच्या डायलिसिस सेंटरात मशीन सांभाळणाऱ्या रंजीतानं हा शब्द सांगितला, तेव्हा मुनाफला तो समजावून घ्यावा लागला नाही. बाप पिंजारी, आजा पिंजारी, आणि कारंज्यात गाद्या भरायचं त्याचं स्वतःचं दुकान. ओला कापूस कोरड्याच्या भावानं घेतला तर काय होतं, हे तो लहानपणीच शिकला होता. गठ्ठा उचलला की किती किलो, हे त्याच्या हाताला काट्याआधी कळायचं.

त्याच्या बायकोच्या, लतीफाच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं वाशीम, चार तास मशीन, एसटीनं परत. लघवी जवळजवळ बंद. प्यायलेलं पाणी अंगातच राहायचं. म्हणून दिवसाला सहाशे मिली. चहासकट, गोळ्यांसकट.

रंजीतानं बाटलीवर मार्करनं रेघ मारून दिली. मुनाफनं घरातला माठ उचलून दुकानात नेला. दुकान पुढे, घर मागे, मधे अंगण. अंगणात बोअरचा नळ होता, पण ते पाणी इतकं खारट की साबणाला फेस येत नसे.

घरात गोडं पाणी ठेवायचंच नाही. असं त्यानं ठरवलं.

कुंडी, झाडासकट : नऊ किलो

झाड तिनं मागितलं. दिवसभर अंगणातल्या खाटेवर पडून मी पाहू तरी काय, म्हणाली.

इंझोरीच्या जगदेवची मानोरा रोडवर नर्सरी होती. मुनाफनं त्याच्याकडून अनंत घेतला. गर्द हिरवी, चकचकीत पानं.

"नेऊन राह्यला त ने," जगदेव म्हणाला, "पण एक सांगतो, मुनाफभाई. अनंत म्हणजे नवा जावई. सासऱ्याच्या घरचं बोअरचं पाणी पेत नाही."

"मंग काय पेते?"

"कॅनचं. फिल्टरचं. आपलं पाणी जड. पंधरा दिवसात पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राह्यतात. मंग तू मले शिव्या देशीन."

"तुले तशाही देतोच."

जगदेवनं सांगितलेलं :

सकाळचं ऊन, दुपारी सावली.

काळी माती नको. लाल माती, शेणखत, कुजलेला पाला.

उन्हाळ्यात रोज एक लिटर. खाडा नाही.

कळी धरली की कुंडी जागची हलवायची नाही. हलवली की रुसतो, कळ्या टाकतो.

मुनाफनं त्यात आपल्या मनचं एक घातलं. गादीतून निघालेला जुना कापूस मातीवर दोन बोटं जाड अंथरला. म्हणजे ओल टिकेल. माती दिसेनाशी झाली, पण अंगण कसं छान दिसत होतं. काळ्या कुंडीत पांढरं.

मग रोज सकाळी सात वाजता कॅनवाला दुकानात गार कॅन ठेवून जायचा. मुनाफ लिटरभर पाणी जगमध्ये घेऊन खाटेजवळ आणून ठेवायचा. जगला बाहेरून घाम सुटलेला असायचा.

"मीच घालतो ना," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"तेवढं एक काम तरी माह्या हातात राहू द्या."

त्यानं राहू दिलं. दुकानात कापूस पिंजायचं मशीन सुरू करायची वेळ झालेली असायची.

लतीफा, मंगळवार : अठ्ठेचाळीस किलो आठशे

"मावशी, पावणेपाच किलो वाढले," रंजीता म्हणाली. "चार दिवसात. विहीर पेली का एखादी?"

लतीफा हसली नाही. काट्यावरून उतरायला मुनाफनं तिला दंडाला धरलं. पायावर सूज होती. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

"काका, तुमी किती देता?"

"सहाशे. रेघेवर."

"टरबूज?"

"आणतच नाही."

"मंग हे येते कुठून?"

मशीननं पाणी ओढायला सुरुवात केली. तिसऱ्या तासाला बीपी पडला. लतीफाच्या पोटऱ्यांत गोळे आले. ती तोंडात ओढणीचा बोळा धरून होती आणि मुनाफ पोटऱ्या दाबत होता, कापसाचा गठ्ठा फोडावा तसा, अंगठ्यांनी.

निघताना रंजीतानं त्याला दाराशी थांबवलं. मस्करी संपली होती.

"काका, डॉक्टर म्हणून राह्यले, त्यायचं हृदय थकलं. एवढं पाणी एकदम ओढता येत नाही. न् अंगात राह्यलं त फुफ्फुसात चढते. कारंज्याहून इथं याले तुमाले दीड तास लागते. दम लागला त दीड तास भेटणार नाही."

शोध

मोरी. बादलीत बोअरचंच पाणी.

खाटेखाली. काही नाही.

गोळ्यांचा डबा. गोळ्या.

शेजारच्या बेबीताई. "भाऊ, मी कायले देईन? मले काय जीव घ्याचा हाय तिचा?"

लतीफाला विचारलं. "अंगच तसं झालं माह्यं," ती म्हणाली, "हवाही पेते."

शुक्रवार : पुन्हा अठ्ठेचाळीसच्या वर.

कळ्या : अकरा. मग नऊ. मग चार

गळलेल्या कळ्या कापसावर पडायच्या. पांढऱ्यावर हिरवट पांढऱ्या, जवळ गेल्याशिवाय दिसायच्या नाहीत. पानांची टोकं भाजल्यासारखी झाली. मुनाफनं फोटो काढून जगदेवला पाठवला, मग फोन केला.

"पाणी कमी पडून राह्यलं त्याले," जगदेव म्हणाला.

"रोज लिटरभर जाते."

"कोण घालते?"

"घरची घालते."

"मंग उलटं असन. पाणी साचून मुळं कुजली असन. उचलून पाह्य, भोक बुजलं का."

"तूच म्हणला होता, कळ्या असल्यावर हलवू नको."

"आता चार कळ्यायसाठी काय जपतं? उचल."

कुंडी : सहा किलो

दुपारची नमाज पढून मुनाफ मागे आला. लतीफा खाटेवर उशाला टेकून बसली होती. त्यानं बाह्या वर केल्या, कुंडीच्या कडेखाली हात घातले आणि नऊ-दहा किलोच्या बेतानं जोर लावला.

कुंडी इतक्या सहज वर आली की तो मागे झोकांडला.

हातांना आधी कळलं. त्याला नंतर. तो कुंडी छातीशी धरून उभा राहिला. तीन किलो कमी. वरचा कापूस ओला होता. एका बोटानं त्यानं तो सारला. खाली माती वाळून, आकसून, कुंडीच्या कडेपासून सुटली होती.

लतीफा त्याच्याकडे पाहत होती. तिनं नजर काढून घेतली नाही.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"कळ्या धरल्यापासून. पहिले घोटभरच घेत होती. मंग अर्धं त्याले, अर्धं मले. मंग त्याले नुसतं वरतून शिपडत होती. कापूस ओला दिसला पाह्यजे."

"तुले समजत नाही का? मरशीन अशानं."

"समजते. रंजीता सांगते ना दर हप्त्याले."

"मंग काहून?"

ओठ चिकटले होते, ते तिनं जिभेनं सोडवायचा प्रयत्न केला. जीभही कोरडीच होती.

"थंड होतं," ती म्हणाली.

त्यानं कुंडी खाली ठेवली. थंड पाणी रोज सकाळी, घाम सुटलेल्या जगमध्ये, कोणी आणून ठेवलं होतं? बाटलीवरची रेघ पाळणाऱ्यानं. माठ उचलून नेणाऱ्यानं.

एक लिटर

दुसऱ्या सकाळी तो जग घेऊन आला. या वेळी खाटेजवळ ठेवला नाही.

"आयका," लतीफा म्हणाली. "चोरून पेल्यावर घाईनं पेते माणूस. चव लागत नाही. एक गिलास तुमच्या हातानं द्या. मंग पुन्हा नाही मागणार."

"उद्या मागशीन."

"हो," ती म्हणाली. "उद्या मागीन."

तो कुंडीपाशी गेला. कापूस उचलून त्यानं बाजूला टाकला आणि सगळा जग एकदम ओतला. माती इतकी वाळली होती की तिनं पाणी धरलं नाही. ते कडेच्या फटीतून सरळ खाली गेलं, भोकातून बाहेर आलं, फरशीवरून वळणं घेत खाटेकडे निघालं.

लतीफानं पाय खाली सोडले. दोन्ही तळवे त्या पाण्यात ठेवले, सुजलेले, आणि ते पसरून सुकेपर्यंत तसेच राहू दिले.

मुनाफ जग भरून पुन्हा आला. पुन्हा ओतला. या वेळी मातीनं थोडं धरलं. ती पाहत होती. तिसऱ्या जगच्या वेळी तिनं भिंतीकडे तोंड केलं.

लतीफा, मंगळवार : पंचेचाळीस किलो नऊशे

"शाबास मावशी," रंजीता म्हणाली. "पहा बरं, जमते का नाही."

गोळे आले नाहीत. बीपी पडला नाही. लतीफा चार तास छताकडे पाहत पडली होती. त्या सकाळपासून ती मुनाफशी एक शब्द बोलली नव्हती.

परतीची एसटी मंगरूळपीरला थांबली. ऊन खिडकीच्या गजांवर इतकं की हात लावता येत नव्हता. मुनाफ नेहमीसारखा उठला. दर वेळी तो इथं उतरायचा, पानठेल्याच्या मागे जायचा, तिथं पाण्याची थैली फोडून प्यायचा आणि तोंड पुसून परत यायचा. तिच्यासमोर तो दीड वर्षात प्यायला नव्हता.

"कुठं चालले?" लतीफा म्हणाली.

तो थांबला. "येतो. एका मिनटात."

"पाणी प्याले ना? बाटली घेऊन या. इथं बसून प्या."

"लतीफा."

"मले पाहू द्या."

त्यानं खाली जाऊन बाटली घेतली. गार होती. तो तिच्या शेजारी येऊन बसला, झाकण फिरवलं आणि बाटली तोंडाला लावली. ती त्याच्या गळ्याकडे पाहत होती. घोट खाली उतरला की तिचाही गळा हलायचा.

त्याला लवकर संपवायचं होतं.

"हळू," ती म्हणाली. "हळू प्या."