पाकिटांवरचे पत्ते

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी नाही सांगत, वाचनालयातल्या बायका सांगतात आणि सांगून झालं की पाकिटांचा ढीग माझ्यापुढे सरकवतात. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं दाखले लिहिले, त्याची ही शिक्षा.

दर वसंतात आम्ही दहाजणी वाचनालयाच्या मागच्या खोलीत शुभेच्छापत्रं बनवतो. कुणी पुठ्ठा कापतं, कुणी घड्या घालतं. माझी बहीण कागदाची फुलं करते. पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणतात. आमचा नियम एकच. प्रत्येकीने आपल्या कार्डाला पत्त्याची चिठ्ठी टाचायची, खाली पाठवणारीचं नाव घालायचं आणि कार्ड डब्यात टाकायचं. पाकिटं मी लिहायची. गेली दोन वर्षं धाकटी मात्र एक कार्ड गुपचूप पिशवीत घालून न्यायची. "मैत्रिणीचं आहे, हातानेच देईन," म्हणायची. सख्ख्या बहिणीवर कोण संशय घेतं?

यंदा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तिने मजकूर आणि पत्ता नव्या ग्रंथपालबाईंकडून लिहून घेतला आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. बाई नियमाच्या पक्क्या, आमच्या घरचं त्यांना काही ठाऊक नाही. त्यांनी चिठ्ठी टाचून कार्ड डब्यात टाकलं.

सहा पाकिटं लिहून झाली. सातवी चिठ्ठी उचलली, तर तिच्यावर माझ्या मुलीचं नाव. पुढे एका गावाचं नाव, गल्ली, घर नंबर. खाली पाठवणारी: धाकटी.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. तिने स्वतःच जमवलेलं लग्न मला पसंत नव्हतं. रागाच्या भरात मी म्हटलं होतं, त्याच्याशी लग्न केलंस तर या घराची पायरी चढू नकोस. माझ्या तोंडाला लगाम नाही, कबूल. पण नंतर तिच्या मैत्रिणी, तिचं ऑफिस, पोलीस चौकी, सगळं मी पालथं घातलं. प्रत्येक ठिकाणी धाकटी बरोबर असायची. चौकीच्या बाकावर मी रडायची आणि ती माझी पाठ चोळायची. "सापडेल गं ताई," म्हणायची.

मी कार्ड उघडलं. आत लिहिलं होतं, "आई बरी आहे. तिला अजून काही कळलेलं नाही, तू निर्धास्त राहा. मावशी."

"शाई संपली का?" समोरच्या शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. कार्ड मिटून हातातच ठेवलं.

धाकटी परत आली. माझ्या हातातलं कार्ड बघून दारातच थांबली. मी तिला दंडाला धरून पुस्तकांच्या खोलीत नेलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"केसाने गळा कापलास माझा," मी म्हटलं. "चौकीत माझ्या शेजारी बसून कापलास."

"तिनेच शपथ घातली होती, ताई. तुला सांगितलं तर माझ्याशीही संबंध तोडेन, म्हणाली. मग कुणाचाच धागा उरला नसता."

"तुझा उरला. माझा कुठे उरला?"

ती रडायला लागली. एरवी मी पदर पुढे केला असता. आज मला ते रडणंसुद्धा खोटं वाटलं. मी विचारलं, कशी आहे. बरी आहे, म्हणाली. नोकरी आहे, नवरा चांगला आहे, गेल्या वर्षी मुलगी झाली. म्हणजे मी आजी झाले होते आणि हे माझ्या बहिणीला वर्षभर ठाऊक होतं. बाळ झालं त्या दिवशीही ती माझ्याकडे येऊन जेवून गेली असेल.

बाहेरून कुणीतरी पाकिटं झाली का म्हणून हाक मारली. मी दार लोटून घेतलं.

एवढंच विचारायचं राहिलं होतं. जीभ रेटत नव्हती, तरी विचारलं.

"माझी आठवण काढते का गं कधी?"

दोन वर्षं ही बाई माझ्या तोंडावर सहज खोटं बोलली होती. आत्ता एकदा हो म्हणाली असती, तर मी मुकाट्याने विश्वास ठेवला असता. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. धाकटीने मान खाली घातली.