मास्तरांची पाणसळ

पडद्याच्या दुकानात मास्तरांना बरोबर न्यायचं म्हणजे अख्खी सकाळ गेलीच म्हणून समजायचं. चिमणीला हे ठाऊक होतं, तरी तिने नेलं. सगळा जन्म लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवण्यात आणि टांगण्यात घालवलेला बाप घरात असताना आपल्या नव्या घराचं काम परक्याला दिलं असतं, तर त्यांनी मरेपर्यंत ऐकवलं असतं. चिमणी हे तिचं घरचं नाव. एरवी ती शाळेत गणित शिकवायची आणि वर्गातली पोरं तिला टरकून असायची, पण बापापुढे ती अजून चिमणीच होती.

दुकानदाराने चकचकीत सोनेरी दांडी पुढे केली. मास्तरांनी ती मधोमध बोटावर तोलली आणि बाजूला सारली.

"वरून कीर्तन, आतून तमाशा. पोकळ आहे ही. जाड कापड चढलं की आठवड्यात पोट काढेल."

मग प्लास्टिकच्या रिंगा कुरकुरतात म्हणून नापास झाल्या, पितळी रिंगा दांडीला ओरखडे काढतात म्हणून नापास झाल्या. शेवटी सागवानी दांडी आणि लाकडी रिंगा पसंत पडल्या, तेव्हा दुकानदाराने असा सुस्कारा सोडला की चिमणीला हसू आवरेना. मातकट हिरवं कापड तिने आधीच घेतलं होतं. पडदे मास्तरांनीच शिवून आणले होते, अस्तर लावून, चुण्या घालून. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

पण त्यांना घरी बोलवण्यामागे तिचं आणखी एक काम होतं, आणि ते पडद्यांहून अवघड होतं. आठ दिवसांपूर्वी आई पिशवी भरून मावशीकडे निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. दोघं ओळखीच्या कुणाकडे जेवायला गेले होते. आई नव्या कपड्यांत, केस नीट बांधून नवऱ्याशेजारी बसली होती. अख्ख्या जेवणात मास्तरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वर भरल्या टेबलावर विचारलं, "आमची ही कुठे गेली?" सगळे पोट धरून हसले. आई हसली नाही.

"त्यांना मी नकोशी झालेय गं," ती फोनवर चिमणीला म्हणाली होती. "शेजारी बसले तरी भिंतीकडे बघितल्यासारखं करतात. म्हातारपणी हेच बघायचं राहिलं होतं का?"

चिमणीला बापाचा संताप आला होता. परतीच्या वाटेवर रिक्षात तिने तो काढलासुद्धा.

"बाबा, आईशी असं का वागता तुम्ही?"

"मी काय केलं?" मास्तर खरोखरच गोंधळले. "तीच हल्ली मांजरासारखी येते आणि एकदम कानाशी बोलते. दचकून जीव जातो माझा. बरं बाई, पडदे झाले की स्कूटर काढतो आणि जातो तिला आणायला. पाया पडतो. मग तर झालं?"

झालं, असं चिमणीला वाटलं. संध्याकाळपर्यंत दोघं एका स्कूटरवर बसून येतील, आई मागे बसून नेहमीच्या बातम्या देईल, आणि हे प्रकरण मिटेल. बातम्या हा घरातला जुना विनोद होता. आई मागच्या सीटवर बसली की तिचं तोंड बंद व्हायचं नाही. डावीकडून ट्रक, डावीकडे खड्डा, अहो, डावीकडे बाई उभी आहे. जावई तर म्हणायचा, स्कूटर बाबांची, पण लायसन्स आईंच्या नावावर पाहिजे.

मास्तर शिडीवर चढले. भिंतीला भोकं पडली, खोलीभर पांढरी धूळ झाली. पूर्वी या कामात त्यांची जोडी असायची. मास्तर शिडीवर आणि आई समोरच्या भिंतीला टेकून, एक डोळा मिटून. "डावं वर घ्या. अजून. आता बास." दांडी सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी पाणसळ वापरतात. मास्तरांनी ती कधी विकत घेतली नाही. माझी पाणसळ चालती-बोलती आहे, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि आई लटक्या रागाने नाक उडवायची.

"मी बघू का सरळ आहे ते?" चिमणीने विचारलं.

"तू? मला? जा, चहा टाक."

ती चहा टाकायला गेली. आतून तिला रिंगा सरकल्याचा मऊ आवाज ऐकू आला आणि घर आता घरासारखं वाटेल म्हणून ती मनातून खूश झाली. कप घेऊन ती खोलीत आली आणि दारातच थबकली.

दांडी उजवीकडून डावीकडे उतरत गेली होती. थोडीथोडकी नाही, चांगली चार बोटं. उजवा पडदा देखणा लागला होता, चुणीला चुणी लागून. डाव्या पडद्याचे बाहेरचे हूक मात्र रिंगांत अडकवलेलेच नव्हते. रिकाम्या रिंगा दांडीवर लोंबत होत्या, कापडाचा कोपरा खाली लोळत होता आणि त्या फटीतून ऊन सरळ आत येत होतं. खोलीच्या मध्ये कमरेवर हात ठेवून मास्तर ते सगळं पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"बघितलंस? एक सूत इकडचं तिकडे नाही."

चिमणीला आधी वाटलं, थट्टा करतायत. ती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, कप त्यांच्या हाताजवळ धरला आणि ते हसण्याची वाट पाहू लागली.

मास्तर हसले नाहीत. खिडकीकडेच बघत त्यांनी आवाज चढवला, "चिमणे, चहा आणतेस की चहाचा मळा लावतेस?"

चिमणी हातभर अंतरावर होती. तिने मोकळा हात वर करून हलवला. मास्तरांची पापणीही हलली नाही.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली.

ते केवढ्याने दचकले! कपातला चहा दोघांच्या अंगावर उडाला. "अगं, आईची सवय लागली का तुला? कुठून उगवलीस?"

तिच्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन आदळत होती. स्कूटरचा डावा आरसा तीनदा फुटला होता आणि तिन्ही वेळा दोष शेजाऱ्यावर गेला होता. दाराच्या चौकटी खांद्याला लागायच्या, त्या डाव्याच. त्या जेवणाच्या टेबलावर आई कोणत्या बाजूला बसली होती, हे विचारायचीसुद्धा गरज उरली नव्हती. आणि दोन वर्षांपूर्वी मास्तरांना एकदा भोवळ आली होती. ते पित्त नव्हतंच; डावीकडचं दिसणं तेव्हाच गेलं असणार. पण पित्त झालं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. सगळ्यांनी म्हणजे तिनेही.

तेवढ्यात मास्तरांनी शर्ट झटकला आणि खिशातून किल्ली काढली. "चल, निघतो. माझ्या पाणसळीला घेऊन येतो."

चिमणीने झडप घालून किल्ली हिसकावली.

"वेड लागलं का तुला?"

"बाबा, पडदा नीट बघा. डावीकडे."

"बघितला की! माझं काम मला—"

तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना खिडकीपाशी नेलं. त्यांचा हात उचलून तिने त्या लोळणाऱ्या कोपऱ्यावर ठेवला. मास्तरांची बोटं कापडावरून वर चढली, हूक चाचपले, एक, दोन, तीन. मग त्यांनी मान पूर्ण वळवली आणि त्यांना ते दिसलं.

"हे कुणी काढलं?"

"कुणी नाही. तुम्ही लावलेच नाहीत."

त्यांनी मान सरळ केली, पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली. एकदा एक डोळा झाकून, एकदा दुसरा झाकून. समोर बघितलं की तो कोपरा कुठेच नव्हता. तिथे काळोख नव्हता, धुकं नव्हतं, काहीच नव्हतं. ते शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसले.

"चिमणे, आज सकाळी मी घरून इथे स्कूटर चालवत आलो. एकटा." तिच्या मुठीतल्या किल्लीकडे त्यांनी बोट केलं. "शाळेवरून आलो गं. पोरं रस्त्यात होती."

तिला रडू फुटलं. तिने किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती की हाताला वळ उठला. दवाखान्यात उद्याची नव्हे, आजचीच वेळ घ्यायची, हे तिने मनाशी पक्कं केलं आणि आधी मावशीचा नंबर लावला. आई फोनवर आली ती तणतणतच. चिमणीने सगळं सांगितलं.

"डावीकडचं?" आईने विचारलं. "काहीच नाही?"

"काहीच नाही, आई. तू नुसती बडबड करतेस असं वाटायचं आम्हाला. तूच चालवत होतीस ती स्कूटर."

"मी रस्त्याला घाबरायची म्हणून बोलायची गं," आई म्हणाली. "मला कुठे काय ठाऊक होतं?" आणि तिने फोन ठेवला.

मावशीचं घर जवळच होतं. आई पिशवी न घेताच आली, रिक्षातून उतरून धापा टाकत. दार उघडंच होतं. मास्तर शिडीवर तसेच बसले होते, समोरच्या भिंतीकडे बघत. आई खोलीत शिरली आणि जन्माच्या सवयीने त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. चिमणी काही सांगायला गेली, पण आईने हाताने तिला थांबवलं. तिला स्वतः बघायचं होतं.

मास्तर हळूच म्हणाले, "चिमणे, ती येईल ना गं? मी तिला काय काय बोललो असेन."

आई वाकली नाही, कानाशी बोलली नाही. तिने नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर या वेळी दचकले नाहीत. त्यांनी सगळी मान वळवली, खांद्यापर्यंत, आणि तिच्याकडे बघतच राहिले.

"केव्हापासून उभी आहेस?"

"दोन वर्षं झाली," आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली.