चौघांत एक मशीन

गावात तिचं नाव पहिल्याच दिवशी पडलं : मोजणीवाली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि दारोदारी एकच विचारणा, गेल्या सात दिवसांत कुणाकडे पगारावर तासभर तरी काम केलंत का? जिल्ह्यात बेकार किती आणि लोकांची कमाई वाढतेय की आटतेय, हे त्या उत्तरांवरून ठरायचं. तिची स्वतःची नोकरीही कराराचीच होती, दर तीन महिन्यांनी वाढवली तर वाढणारी. वडिलांचं काम सुटल्यापासून घर तिच्या पगारावर चाललं होतं.

या गावचे चाळीस फॉर्म तिने पाठवले आणि तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे तिच्या कामाचे तपासनीस. फॉर्म घरी बसून भरलेत, असा त्यांचा सरळ आरोप होता. सगळ्यांचा कारखाना एकच, खोक्यांचा. मशीन दहा, आणि प्रत्येक मशीनवर चार-चार नावं. मजुरी दमडीपर्यंत सारखी. वर चाळिसातले तीस जण बेकार! "एक फॉर्म भरायचा आणि चारदा छापायचा. बरी युक्ती आहे, मॅडम," ते म्हणाले. उद्या स्वतः येतो, पटलं नाही तर फॉर्म रद्द आणि करारही तिथेच संपला.

खरी गोष्ट तिला ठाऊक होती, कारण टॅबने न विचारलेले प्रश्न विचारायची तिला खोडच होती. तीन वर्षांपूर्वी कारखान्याने चाळीस माणसांतली तीस कमी करायचं ठरवलं. तेव्हा माणसांनीच तोड काढली. कुणी घरी बसायचं नाही, चौघांनी एक मशीन वाटून घ्यायचं, प्रत्येकाने चार आठवड्यांतून एक आठवडा यायचं. मालकालाही ते पथ्यावर पडलं, कारण तेव्हापासून कारखान्यात एक खाडा झाला नव्हता. पण टॅबला फक्त सात दिवस कळत. ज्यांची पाळी त्या आठवड्यात नव्हती, ते सगळे त्याच्या लेखी बेकार.

साहेब आले ते नेमके कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. फाटकाला कुलूप. मग त्यांनीच यादीतून तीन नंबरचं मशीन निवडलं, आणि तिने दाराबाहेर उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही, असं बजावलं.

पहिलं घर रोपवाल्या मावशींचं. पाळी नसली की त्या मिरची-वांग्याची रोपं करून विकत. खरंच मशीन चालवता का, असं साहेबांनी विचारल्यावर मावशींनी मातीचे हात पुसले.

"चालवते कसली, त्याची मर्जी सांभाळते. वीस खोकी झाली की डिंक अडकतो मेल्याचा. मग खाली डावीकडे असं." आणि त्यांनी टेबलावर थाप मारली. एक. थोडं थांबून लागोपाठ दोन.

साहेबांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावरून हे पढवलेलं वाटत होतं. दुसरं घर त्यांनी मावशींना न सांगता गाठलं. तिथले दाढीला साबण लावलेले काका मशीनचं नाव काढताच वैतागले आणि त्यांनी आरशाखालच्या फळीवर थाप मारली. एक, मग दोन. बाहेर मोजणीवालीने घड्याळ पाहिलं. मधलं अंतर तेच, दीड सेकंद.

तिसरा होता सायकलवाला. तो रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत बसला होता. जवळ टेबल नाही, फळी नाही. डिंक अडकला तर काय करता, असं साहेबांनी विचारताच तो उठला आणि त्याने समोर सापडली ती जागा वापरली. साहेबांची पाठ.

एक. मग दोन.

मोजणीवालीने ओठ घट्ट मिटून घेतले. साहेब खोकले, त्यांनी चष्मा सारखा केला. अशी थाप पढवून येत नाही, चौथ्या घरी जायची गरज नाही, असं त्यांनी पाठ चोळत जाहीर केलं.

झाडाखाली बसून त्यांनी टॅब मागून घेतला आणि पाळ्यांची सगळी हकीकत तिच्याकडून ऐकून घेतली. सायकलवाला ओशाळून पाण्याचा तांब्या घेऊन आला. साहेबांनी त्याला विचारलं, चौथाई पगारात भागतं का?

"ओढाताण होते, साहेब. म्हणून तर ही पंक्चरं. पण गाव सोडून कुणी गेलं नाही, एकही दार बंद झालं नाही."

साहेबांनी टॅबवरची यादी पुन्हा वरखाली केली. "आता मला सांगा, मॅडम, हे गाव बेकार आहे की कामावर?"

"सात दिवसांचं विचारलं तर तीन चतुर्थांश बेकार. चार आठवड्यांचं विचारलं तर एकही नाही. कमाई मात्र दोन्ही हिशेबांत तेवढीच, आधीच्या चौथाई. पंक्चरं आणि रोपं धरून थोडी वर."

"आणि असं आणखी किती गावांत असेल?"

"माहीत नाही. विचारलंच नाही ना कुणी."

साहेबांनी चाळीसही फॉर्म मंजूर केले. मग कागद काढून चार आठवड्यांचा जादा प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहिला, आणि उरलेल्या अकरा गावांत तो घरोघरी विचारून यायला तिला सांगितलं. अकरा गावं म्हणजे तीन महिने तरी लागतील, असं ती पटकन म्हणाली.

"लागू देत," साहेब म्हणाले. "कराराचं पत्र सोमवारी घेऊन जा."