नव्या कोर्टातला पहिला पुकारा

आमच्या तालुक्याचं जुनं कोर्ट निजामाचं राज्य गेल्यावर सहा वर्षांनी उभं राहिलं. ज्या कुणा इंजिनिअरनं ते बांधलं, त्याला पुकाऱ्याची कदर होती. दोन हात जाड दगडी भिंती, वर उंच झरोके आणि पुढे कमानींचा खोल व्हरांडा. मधल्या कमानीत उभं राहून नाव पुकारलं की ते थेट आवारातल्या लिंबाखाली जायचं. माईक कधी लागला नाही. आधी माझे वडील तिथे पट्टेवाले होते, नंतर मी, लालमियाँ. एकतीस वर्षं ओरडलो.

लोक लिंबाखाली भाकरी खायचे, डुलकी काढायचे, नाव आलं की उठायचे. चतुराबाई मात्र कमानीसमोरच्या पायरीवरच बसायच्या. बापाच्या शेतातल्या हिश्शासाठी भावांशी सतरा वर्षं दावा चालला होता. एकही तारीख त्यांनी चुकवली नव्हती.

सोमवारी कोर्ट शेजारच्या नव्या बिल्डिंगमध्ये गेलं. तसा कागद फाटकावर चिकटवला होता. चतुराबाईंना वाचता येत नाही. त्यातून मजूर जुन्या कोर्टातली कपाटं काढत होते, त्यामुळे दारं सताड उघडी.

नव्या बिल्डिंगला सगळीकडे काचा. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टजवळ उभं राहून मी पुकारलं, "चतुराबाई संपत वाघुंडे, हाजिर हो!" आवाज काचेवर आपटून माझ्याच अंगावर आला.

बेंच क्लार्क आतून म्हणाले, "लालमियाँ, हळू. इथं बोंबलायचं काम न्हाई."

म्हणून दुसऱ्यांदा हळू पुकारलं. तिसऱ्यांदा तर पुटपुटलोच. काचेतून खाली जुनं कोर्ट दिसत होतं. पायरीवरचं हिरवं लुगडंही दिसत होतं.

शंभर पावलं असतील. मी आत जाऊन "गैरहजर" म्हणालो. बाईंचे वकील जालन्याला गेले होते. जजसाहेबांनी दावा काढून टाकला आणि पुढची फाईल घेतली. मला काहीच वाटलं नाही. तीनदा पुकारायचं आणि आत येऊन सांगायचं, एवढंच अंगवळणी पडलंय. आता लाज वाटते, पण तेव्हा खरंच काही वाटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत खाली गेलो. बाई तिथेच होत्या. डबा अजून सोडला नव्हता.

"काय भाई, आज लई येळ लावून राह्यले. माझं नाव कव्हा येणार?"

"आल्तं, बाई. तिकडं वर पुकारलं."

"किती बार?"

"तीन बार."

त्यांनी नव्या बिल्डिंगकडे पाहिलं. मग जुन्या कमानीकडे.

"मंग तारीख कोणती दिली?"

"तारीख न्हाई दिली. तुम्ही हाजिर न्हाई म्हणून दावाच काढून टाकला. तीस दिवसांत अर्ज केला तर पुन्हा घेतील. बघतील साहेब."

बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर मागे सारला आणि उजवा कान बोटानं दाबून पाहिला.

"सकाळपासून इथंच कान देऊन बसले होते की हो. कान गेले म्हणायचे माझे."

कान बराबर आहेत तुमचे, एवढं सांगायचं होतं. एकतीस वर्षं ओरडून पगार घेतलेल्या माझ्या गळ्यातून ते निघालं नाही.

"वकिलाला जल्दी फोन लावा," एवढंच म्हणालो आणि वर गेलो. अडीचला पुढचा पुकारा होता.