ओकेयोचं पान

"पुन्हा पाच?" ओगोलासाहेब आविनोच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "अगं बाई, बाकीचे चौघे या पानाला शून्य देतात आणि तू एकटीच पाच गुण! हा ओकेयो न्यांग्वेसो तुझा कोण लागतो?"

शेजारच्या टेबलांवर खसखस पिकली. आविनोही हसली.

"कुणी नाही, साहेब. पण नंबर चालू आहे. मी लावून बघितला."

"आठ वर्षांपूर्वीच्या पानावरचा?"

"चालू आहे म्हटलं ना."

साहेब मान हलवत पुढे गेले. नंबर चालू होता, यात खोटं काही नव्हतं. नसायला काय झालं? तो जुना फोन आविनोच्याच पिशवीत होता. आठ वर्षं ती तो न चुकता चार्ज करत होती आणि गेली चार वर्षं त्यावर दुसऱ्या कुणाचा म्हणून फोन आला नव्हता.

सरोवराकाठच्या किसुमू शहरातल्या त्या कचेरीत काम असं की, कुणीतरी कुठूनतरी इंटरनेटला काही विचारतं, यंत्र त्याच्यापुढे दोन पानं ठेवतं, आणि विचारणाऱ्याला कुठलं पान किती कामाचं, याचे गुण इथल्या मंडळींनी द्यायचे. त्या गुणांवरून यंत्र शिकतं. यंत्र नुकतंच लुओ भाषा शिकायला लागलं होतं, त्यामुळे पडद्यावर आपल्याच मुलखातली माणसं बोलायची. शेळीचं पोट फुगलंय, काय पाजू? प्रार्थना किती वाजता? विचारणाऱ्याचं नाव कधी दिसायचं नाही. आणि प्रश्न आपल्या ओळखीच्या माणसाचा निघाला, तर 'सोडा' हे बटण दाबून पुढे जायचं, असा कडक नियम होता. ओकेयोच्या बाबतीत आविनोनं तो एकदाही पाळला नव्हता.

ओकेयो तिचा सख्खा थोरला भाऊ. जाळी काढायला सरोवरात गेला. होडी परत आली, तो आला नाही. 'हरवला आहे' असं पान आविनोनंच बनवलं होतं. चौकटीच्या शर्टातला हसरा फोटो, खाली नंबर. मग इंटरनेटवर ओकेयोला इतकं शोधत तरी कोण होतं? खरं सांगायचं, तर बहुतेक वेळा आविनोच. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. त्याचं नाव टाकायचं, तेच पान उघडायचं, तो तसाच हसतोय एवढं बघायचं.

आणि गावी गेली की आईला मात्र शहाणपण शिकवायची. "पुरे आता, आई. यागो पुरून टाक आणि मोकळी हो." सरोवरानं देह परत दिला नाही, तर यागोचं लांबलचक, जडशीळ फळ माणूस समजून पुरायचं आणि रडून घ्यायचं, ही रीत. तोवर गेलेला माणूस भटकत राहतो. आई ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची.

एकदा तिनं विचारलं होतं, "मी विचारलं की हा फोन कुठं कुठं जाऊन शोधतो गं?"

"कुठंच जात नाही, आई. त्यांची यंत्रं आधीच सगळी पानं हिंडून आलेली असतात. वाचलेलं साठवून ठेवतात. तू विचारलंस की त्या साठ्यातलं काढून देतात."

"म्हणजे ओकेयो आत्ता कुठं आहे, ते याला ठाऊक नाही?"

"नाही."

"जळ्ळं मेलं! आणि मी इतक्या अदबीनं बोलते याच्याशी!"

साहेब गेले आणि पडद्यावर पुढचा प्रश्न आला.

'नमस्कार बाळा, घरचे सगळे बरे ना? माझा ओकेयो न्यांग्वेसो सरोवरातच राहिला. लेकीला न दुखवता यागो कसा पुरू?'

आविनोनं प्रश्न पुन्हा वाचला. यंत्राची ख्यालीखुशाली विचारणारी बाई साऱ्या मुलखात एकच होती. खाली दोन पानं होती. एकावर ओकेयो हसत होता. दुसऱ्यावर कुणा म्हाताऱ्यानं रीत लिहिली होती: खड्डा कुणी खणायचा, फळाला कपडे कुणाचे घालायचे.

लेकीला न दुखवता. म्हणजे एवढी वर्षं आई तिच्यासाठी थांबली होती!

बोट 'सोडा'वर गेलं. दाबलं असतं तर सुटली असती. पण विचारणाऱ्याला काय कामाचं, एवढंच तर बघायचं होतं. तिनं म्हाताऱ्याच्या पानाला पाच दिले आणि ओकेयोला शून्य. एकटीच्या गुणांनी पान वर-खाली होत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी आपणच त्याला पाण्यात ढकललं असं वाटून तिला हुंदका आवरेना.

दुपारीच ती गावी पोचली. आई अंगणात ओमेनाची बारीक मासळी वाळत घालत होती.

"आज गुरुवारी कशी गं?"

"आई, यागो आणू या."

आईनं मासळीचे हात पुसले, आत गेली आणि पलंगाखालून एक गाठोडं ओढलं. चौकटीचा शर्ट घातलेला यागो. सगळी बटणं नीट लावलेली.

"हा तिसरा," आई म्हणाली. "आधीचे दोन वाळून गेले."

"मग बोलली का नाहीस? मी तर कधीची म्हणतेय, पुर म्हणून!"

"तोंडानं पुर म्हणायचीस आणि तो फोन उशाशी घेऊन झोपायचीस. मी तुझं कुठलं ऐकायचं?" आईनं गाठोडं मांडीवर घेतलं. "स्वप्नात येतो गं तो. ओलाचिंब, दारात उभा. आत ये म्हटलं की म्हणतो, आविनोला विचार."

आविनो धाय मोकलून रडली. आठ वर्षांचं रडली. मग तिनं पिशवीतून फोन काढला. बंद करायला गेली, पण अंगठा जड झाला.

"राहू दे चालू," आई म्हणाली. "संपेल आपोआप."

आविनोनं फोन यागोच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. सकाळी भाऊबंद खड्डा खणायला येणार होते. चार्जर तिनं पिशवीतून बाहेर काढलाच नाही.