काचबाबा आणि रुपीबाईची सुई

आर्णीच्या बाजारात त्या दिवशी वांग्यांना गिऱ्हाईक नव्हतं. सारी दुनिया काचबाबाच्या राहुटीपुढे लोटलेली! मीही पिशवी सावरत आत घुसलो. मास्तर माणूस, फुकटचा तमाशा सोडतो होय?

बाबाचा कारभार झोकात चालला होता. कनातीला त्याने खिडकी कापली होती, तिच्यातून लख्ख ऊन यायचं. दवाखान्यात काढलेला छातीचा एक्स-रे फोटो तिथे टांगायचा, त्याच्यापुढे दोन बोटं अंतरावर एक पांढुरकी काच धरायची आणि गरजायचं, "देखो बच्चा! एकेक ठिपका, एकेक पाप! ओम् फट्!"

की ठिपके गायब! बरगड्या तेवढ्या धूसर दिसत राहायच्या. लोक हात जोडायचे, नारळ फुटायचा आणि खोबरं बाबाच्या झोळीत जायचं.

अहो, कसलं पाप? दवाखान्याचं यंत्र जुनं, म्हणून फोटो रवाळ. पण हे ऐकतो कोण? डॉक्टर सुई टोचतात, बाबा टोचत नाही. माणसाला आणखी काय पाहिजे!

तेवढ्यात तांड्यावरचा हिरासिंग छाती फुगवून माझ्याकडे आला. त्याला क्षय झालेला, फोटोत डाग आलेला, औषध चालू होतं.

"मास्तर, माहा डाग गेला! आता सुया बंद, गोळ्या बंद!"

एवढं बोलला आणि अशी उबळ आली, की राहुटीचा खांबच धरला त्यानं. त्याची बायको रुपीबाई मागे उभी होती. अर्धवट औषध सोडून तिचा दीर याच रोगानं गेला, त्याला वर्ष झालं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. थट्टा राहिली बाजूला, मी तडक दवाखान्यात जाऊन डॉक्टर शीलाताईंना घेऊन आलो.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. हिरासिंगचा फोटो टांगलेलाच होता, तो त्यांनी नीट पाहिला.

"बाबाजी, तुमच्या काचेने पापच जातं ना? रुपीबाई, तुझ्याजवळ काही बारीक वस्तू आहे?"

रुपीबाईच्या काचोळीला, त्या आरसेदार चोळीला, भरतकामाची सुई कायम खोचलेली. तिने ती काढून दिली. बाईंनी फोटोच्या कोपऱ्यात टोचली.

"आता धरा काच."

बाबाने कुरकुरत धरली. सुई दिसेना.

"ले गये! भगवान ले गये!" बाबा ओरडला.

"काहून? माह्या सुईनं कोणतं पाप केलं?" रुपीबाई पुढे झाली. "वापस आणा, मले घागरा शिवाचा हाये!"

गर्दीत खसखस पिकली. बाबाने काच आणखी घट्ट धरली. तेव्हा तिनेच काच हातभर बाजूला सारली. सुई होती तिथेच होती. आणि तांदळाएवढा डागही.

"ही घासलेली काच आहे," शीलाताई म्हणाल्या. "हिच्यातून मोठं तेवढं दिसतं, बारीक सगळं पुसलं जातं. यंत्राचे ठिपकेही आणि रोगाचा डागही. ठिपके टाळायचे असतील, तर मी एकाच छातीचे दोन फोटो काढते."

दवाखान्यातून आणलेला हिरासिंगचा दुसरा फोटो काढून त्यांनी पहिल्यावर नीट जुळवून ठेवला. "पाहा. यंत्राचे ठिपके दर वेळी जागा बदलतात, एकमेकांत विरून जातात. डाग जागा सोडत नाही."

उन्हात तो डाग आता आधीहून स्वच्छ दिसत होता. हिरासिंगचा चेहरा उतरला. काचेला ग्रहण लागलं म्हणत बाबा झोळी आवरायला लागला.

रुपीबाईने आपली सुई काढून घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "एका सुईनं बाबाचं सोंग दाखवलं. आता दुसरी घ्या, चाला दवाखान्यात."

तो तिच्या मागोमाग गेला.

औषध पुरं झाल्यावर बाईंनी नवा फोटो काढला. "डाग भरून आला," त्या म्हणाल्या. हिरासिंग टाळ्याच पिटायला लागला. रुपीबाई मात्र हसली नाही. तिने काचोळीची सुई काढली, त्या फोटोवर धरली आणि फोटो उन्हाकडे केला. सुई लख्ख दिसत होती, म्हणजे मधे बारीक पुसणारं काही नव्हतं. डागाच्या जागी व्रणाची केसाएवढी रेघ होती, दुसरं काही नाही. मग कुठे ती हसली, आणि रडलीही.

शीलाताईंना राग आला नाही. उलट म्हणाल्या, "अशीच पारख करत जा."

माझंही सगळ्यांना तेच सांगणं आहे. बाबा असो की डॉक्टर, कोणी "गेलं" म्हटलं, की आधी आपली सुई लावून पाहा.