केल्याशिवाय लिहायचं नाही

आमच्या घरात छत्र्यांच्या स्टँडमध्ये तलवारी असतात. माझे यजमान उदय इंग्लंडात लीड्सच्या विद्यापीठात जन्मभर सतराव्या शतकातला स्पेन शिकवत आले. तिथले लोक काय खात आणि तलवार कशी चालवत, हा त्यांचा विषय. रिटायर झाल्यावर त्याचंच पुस्तक लिहायला घेतलंय. हट्ट एकच, स्वतः केल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. हॉलमधल्या कार्पेटवर खडूने तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे वर्तुळं काढून ते तलवारीचा एकेक पवित्रा घेणार आणि कार्पेट मी साफ करणार! जुन्या पुस्तकांतले पदार्थही असेच, स्वतः रांधून, स्वतः खाऊन. मी शाकाहारी, त्यामुळे त्यांची भांडी वेगळी.

आता एकच पदार्थ उरला होता, ओया पोद्रिदा. काबुली चणे, डुकराचं मांस, लसूण, सगळं मंद आचेवर तासन् तास शिजवायचं. तो झाला की पुस्तक संपलं.

रविवारी मी वरच्या खोलीत इस्त्री करत होते. करपल्याचा वास आला. फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजायचा, म्हणून त्याची बॅटरी आम्ही कधीच काढून ठेवलेली. धावत खाली आले, तर हे हॉबच्या शेगडीसमोरच डाव घेऊन निवांत उभे.

"अहो, करपलंय!"

"कुठे? आत्ताच टेस्ट केलं. परफेक्ट झालंय."

मी चमचा भरला आणि तोंडात घातला. जन्मात कधी मांस खाल्लं नव्हतं. नुसता जळका वास तोंडभर पसरला.

माझा चेहरा पाहून त्यांनी डाव खाली ठेवला. व्हिनेगरची बाटली हुंगली. मग माझ्या हिंगाच्या डबीत नाक खुपसलं.

"वास काहीच येत नाहीये गं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "म्हणजे हा चॅप्टर गेला. पण मागचे? किती महिने मी चव न कळता लिहितोय?"

मी खिडकी उघडली.

"रेखा, तू वॉर्डात होतीस. हे कशाने होतं?"

न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी हयात गेली. मेंदूच्या काही आजारांत आधी वास जातो, मग पाऊल आखूड पडायला लागतं. खडूच्या वर्तुळात त्यांचं पाऊल आखूड पडताना मी रोज बघत होते आणि वयाच्या नावावर खपवत होते. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

"सर्दी असेल," मी म्हणाले.

त्यांनी हॉब बंद केला. खोटे पुरावे ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला मी काय फसवणार!

"आणि पाऊल पुरत नाही, तेही सर्दीनेच ना?"

मला रडू कोसळलं. आजारी ते, आणि समजूत त्यांनाच माझी घालावी लागली.